खर्जाचे वाद्य आणि त्याची सुधारणा

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र लागते. लोहखनिजापासून स्पंज आयर्न तयार करणारे अनेक कारखाने येथे आहेत. हे स्पंज आयर्न पुढे प्रवर्तन भट्टीत वितळवले जाते. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे जाड वेटोळे असते. त्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वाहतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहते, आणि भट्टीतल्या लोखंडातच प्रवाह उत्पन्न होऊन ते तापते व वितळते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमावर ही सारी उलाढाल चालते. दिवसभर अशा भट्टीपाशी राबणारा एखादा तरुण संध्याकाळी घरी येऊन बेस गिटार हाती घेतो, तेव्हा त्याच्या बोटांखालीही हाच नियम काम करीत असतो. फरक इतकाच, की येथे वेटोळे केसाइतक्या बारीक तारेचे असते आणि ते लोखंड वितळवण्याऐवजी पोलादी तारेचा कंप टिपते.

बेस गिटार हे वाद्यवृंदातील खर्जाचे वाद्य आहे. गायक, संवादिनी किंवा तालवाद्य यांच्याकडे श्रोत्यांचे लक्ष जाते. बेस गिटारकडे सहसा जात नाही. मात्र ती थांबली की गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. पूर्वी हे काम उभ्याने वाजवायचे माणसाएवढे डबल बेस हे वाद्य करीत असे. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ हे आडवे धरून वाजवता येणारे, पडदे असलेले विद्युत वाद्य बाजारात आणले. पडद्यांमुळे स्वर अचूक लागत, म्हणून ते नाव. त्याच कंपनीचा ‘जाझ बेस’ १९६० मध्ये आला. आज जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त बेस गिटार या दोन नमुन्यांवरच बेतलेल्या असतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हे वाद्य लवकरच रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे बेसवादन जाणकारांच्या परिचयाचे आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे राहत आली आहेत, आणि रायपूरचा गणेशोत्सव मोठ्या थाटाने साजरा होतो. अशा उत्सवांतील मंडपांत वाजवणाऱ्या हौशी कलावंतांपैकी फार थोड्यांना महागडे वाद्य परवडते. पगारातून महिनोन्‌महिने बाजूला काढलेल्या पैशांतून स्वस्त वाद्य येते आणि वर्षभरातच त्याच्या उणिवा जाणवू लागतात. आवाज चिखलासारखा मिसळलेला येतो, स्वर उतरतात, घरघर थांबत नाही. मग प्रश्न पडतो : नवे वाद्य घ्यावे, की आहे तेच सुधारावे? आणि सुधारायचे झाले तर नेमके काय?

उत्तर शोधण्यापूर्वी स्वस्त वाद्यात बचत कोठे झालेली असते ते पाहिले पाहिजे. लाकडाचा धड आणि मान आता यंत्रावर कापली जातात. त्यामुळे स्वस्त वाद्याचेही मोजमाप बऱ्यापैकी अचूक असते. बचत होते ती लहान वस्तूंत : पिकअप, घोडी, खुंट्या, मानेच्या टोकाची नट नावाची पट्टी, आवाज कमीजास्त करणारी बटणे आणि तार जोडण्याचा जॅक. या सर्व वस्तू बदलता येण्यासारख्या आहेत. सुधारणेचा विचार शक्य होतो तो यामुळेच.

तरीही पहिला खर्च सुट्या भागांवर करू नये. वाद्याच्या चार तारांचा एकत्रित ताण साधारण पाऊणशे किलो वजनाएवढा असतो. तो पेलण्यासाठी मानेच्या आत एक पोलादी सळई बसवलेली असते. रायपूरच्या मे महिन्यात हवा रखरखीत कोरडी, आणि दोन महिन्यांनी तीच दमट. लाकडाची मान या बदलाबरोबर वाकते किंवा सरळ होते. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार एकाच वेळी दाबून धरावी आणि मध्यावर, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार व पडदा यांतली फट पाहावी. ती पोस्टकार्डाच्या जाडीइतकी असली तर मान ठीक आहे. नसेल तर सळईचा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक न फिरवता जुळवावा. त्यानंतर बाराव्या पडद्याची परीक्षा. तेथे तारेला नुसते बोट टेकवून निघणारा स्वर आणि तार दाबून निघणारा स्वर एकच असावा. दाबलेला स्वर चढा लागला तर घोडीवरील त्या तारेचा टेकू मागे सरकवून तार लांबवावी, उतरा लागला तर पुढे घ्यावा. एवढे करून नव्या तारा चढवल्या की ‘आवाज नाही’ म्हणून टाकाऊ ठरवलेली कित्येक वाद्ये बोलू लागतात. पहिला खर्च करायचा तो येथे, आणि तो सर्वांत कमी आहे.

यानंतर पिकअप. वेटोळ्याच्या आत किंवा खाली कायम चुंबक असतो. त्याच्या क्षेत्रामुळे वरची पोलादी तारही किंचित चुंबकित होते. ती कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात अतिशय क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. ध्वनिवर्धक तोच वाढवतो. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा पोलादी खुंट्यांखाली चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या फेराइटची चुंबकपट्टी असते. महागड्या पिकअपमध्ये पुष्कळदा अल्निको नावाच्या मिश्रधातूचे दांडे असतात. लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून ती तयार होते. या घराण्याचा पहिला मिश्रधातू जपानच्या तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये शोधला. अल्निको म्हणजे उत्तम आणि फेराइट म्हणजे टाकाऊ, असे मात्र नाही. वेटोळ्याचे वेढे किती, तार किती बारीक, वेढे किती नेटके, चुंबक किती प्रबळ, या सर्वांचा मिळून आवाज घडतो. फेराइटचे उत्तम पिकअपही आहेत.

एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. पिकअप तारेखाली कोणत्या जागी आहे, यावर आवाजाचा पोत फार अवलंबून असतो. घोडीजवळ तारेचे मूळ कंपन तोकडे असते आणि वरचे उपस्वर ठळक असतात, म्हणून तेथला आवाज टोकदार येतो. मानेच्या बाजूला मूळ स्वर भरघोस मिळतो. नवा पिकअप जुन्याच खाचेत बसतो, म्हणून जागेने ठरलेला हा स्वभाव बदलत नाही. स्पष्टता वाढेल, घरघर घटेल, तारांचे स्वर सारख्या जोराने येतील; पण जाझ बेसचा प्रिसिजन बेस होणार नाही. ही अपेक्षा आधीच आवरली तर पैसे वाया गेल्याचे दुःख होत नाही. शिवाय पिकअपची उंची बदलणे फुकटात होते. तो तारेच्या फार जवळ असला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर डळमळतो. तार शेवटच्या पडद्यावर दाबून तीनेक मिलिमीटर अंतर ठेवावे, मग कानाने कमीजास्त करावे. नवा पिकअप घ्यायचाच असेल तर आधी खाच मोजावी. अस्सल जाझ बेसमध्ये घोडीकडचा पिकअप मानेकडच्याहून सुमारे तीन मिलिमीटर लांब असतो. अनेक स्वस्त वाद्यांत दोन्ही एकाच मापाचे असतात. मापाची ही चूक लाकूड कोरल्याखेरीज निस्तरत नाही.

घरघरीचे कारणही वेटोळेच आहे. ते तारेचा कंप टिपते तसे आसपासच्या वीजवाहिन्यांचे बदलते क्षेत्रही टिपते. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ४१.२ हर्ट्झचा स्वर देते आणि तिसऱ्या पडद्यावर दाबली तर ४९ हर्ट्झचा. म्हणजे विजेची गुणगुण ऐन खर्जाच्या अंगणातच येऊन बसते! बटण फिरवून ती गाळू गेल्यास स्वरही गाळला जातो. त्यावर उपाय निघाला तो वेटोळ्यांच्या रचनेतून. दोन वेटोळी परस्परविरुद्ध दिशेने गुंडाळायची आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध चिन्हाने येते आणि रद्द होते. तारेच्या कंपाचा संकेत मात्र दोनदा उलटल्यामुळे एकत्र मिळतो. प्रिसिजन बेसमध्ये १९५७ पासून असा दुभंगलेला पिकअप आहे. जाझ बेसचे दोन पिकअप मिळून हेच साधतात, पण दोन्हींचा आवाज सारखा ठेवला तरच. खाचांना आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून तो भूतारेस जोडला तर चरचर बरीच कमी होते. मात्र ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र एवढ्या पातळ पत्र्याने अडत नाही.

घोडी आणि खुंट्या यांच्याविषयी अतिशयोक्ती फार ऐकू येते. वाकवलेल्या पत्र्याची घोडी काढून ओतीव जड घोडी बसवली की आवाज दुप्पट टिकतो, असे म्हणतात. स्वरात फरक पडतो तो थोडा. खरा लाभ असा, की टेकू हलत नाहीत आणि एकदा जुळवलेला स्वर महिनोन्‌महिने राहतो. खुंट्यांचेही तेच. सुमारे वीस फेऱ्यांना एक या प्रमाणाच्या दंतचक्राची, ढिलाई नसलेली खुंटी स्वर धरून ठेवते. मात्र तार नटच्या खाचेत अडकत असेल तर उत्तम खुंटीही निरुपयोगी ठरते. पोकळ प्लास्टिकची नट काढून हाडाची घासून बसवणे हे काम स्वस्त आहे, पण हाताला सवय लागते.

तार जेथे टेकते तेथेच आवाज घडतो किंवा बिघडतो, हे महाराष्ट्राला नवीन नाही. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांचे पूर्वज शस्त्रे घासणारे शिकलगार होते, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ही परंपरा वाढली. तंबोऱ्याची जवारी काढणे म्हणजे घोडीचा पृष्ठभाग तार बोलेपर्यंत घासणे. मग तार आणि घोडी यांमध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. जवारी बिघडली म्हणून कोणी भोपळा बदलत नाही. बेस गिटारच्या बाबतीतही आधी टेकू, नट आणि पडदे पाहणे शहाणपणाचे, त्यानंतर बाकीचे.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी जुन्या जोडणीचे चित्र कागदावर काढून घ्यावे. बटणांचा रोध पाहावा; साध्या, बॅटरी नसलेल्या वाद्यात तो बहुधा २५० किलोओहम असतो. बटण फिरवताना नुसती खरखर येत असेल तर ते साफ करून पाहावे, नवे लागतेच असे नाही. सोल्डर करताना तापलेले टोक बटणाच्या पाठीवर फार वेळ टेकवले तर आतली पट्टी जळते. दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज अचानक पातळ, नाकातून आल्यासारखा झाला, तर त्यांच्या कला परस्परविरुद्ध आहेत असे समजावे आणि एका पिकअपच्या दोन तारा अदलाबदल कराव्यात. घोडीखाली एक उघडी तार दाबलेली असते, तिच्यामुळे वाद्याच्या पोलादी तारा भूतारेस जोडल्या जातात. नवी घोडी बसवताना ही तार विसरली की तारांना बोट लावूनही घरघर कमी होत नाही.

या तारेमुळे वादकाचे शरीर ध्वनिवर्धकाच्या भूजोडणीशी जोडले जाते, हे मात्र कधीही विसरू नये. ध्वनिवर्धकाच्या तीन पायांच्या प्लगमधला मधला पाय मोडलेला असेल, किंवा मंडपात अर्थिंगच नसेल, तर एका हातात वाद्याच्या तारा आणि ओठांशी माइक ही स्थिती प्राणघातक ठरू शकते. ‘स्टोन द क्रोज’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वे यांचा १९७२ मध्ये स्वॉन्सी येथील रंगमंचावर, अर्थ नसलेल्या माइकला हात लागून मृत्यू झाला. पावसाळ्यातील ओल्या मंडपात, जमिनीवर पसरलेल्या वायरींमध्ये हा धोका वाढतो. पिकअपसाठी साठवलेल्या पैशांतून प्रथम अर्थिंगची तपासणी, सुस्थितीतील प्लग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांची सोय करावी. उरले तर पिकअप घ्यावा.

ध्वनिवर्धकाचाही विचार करावा लागतो. सहा-आठ इंची लहान स्पीकर ४१ हर्ट्झचा स्वर जवळजवळ देतच नाही. कान उपस्वरांवरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो, म्हणून तो ऐकू आल्यासारखे वाटते. अशा स्पीकरवर पिकअपांतला सूक्ष्म फरक कळणार नाही. मंडपात मोठा स्पीकर भाड्याने येतो, तेथे त्याच वाद्याचा आवाज ऐकून निर्णय घेणे बरे.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि मधे काही दिवस वाजवावे. एकदम सारे बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. स्वस्त वाद्य पुढे विकताना बदललेल्या भागांची किंमत क्वचितच वसूल होते. म्हणून काढलेले पिकअप, घोडी, खुंट्या आणि त्यांचे स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत घालून, वर नाव लिहून डब्यात ठेवावेत. विक्रीच्या वेळी ते पुन्हा मूळ वाद्यात बसवता येतात आणि नवे भाग पुढच्या वाद्यासाठी हाताशी राहतात.