फाटकावरचे 38 बिट

मानकोलीच्या एका गोदामात शर्टांचा ट्रक रिकामा होतोय. पट्ट्यावरून खोकी सरकतात आणि फाटकावरचा आरएफआयडी रीडर एकही खोकं न उघडता आतले टॅग वाचतो. रीडरने पाठवलेल्या बाइटांतून नगाचा क्रमांक काढायचा, एवढंच माझ्या प्रोग्रॅमचं काम.

कपड्यांवर बहुधा एसजीटीआयएन-96 टॅग असतो: 96 बिट, म्हणजे 12 बाइट. पहिल्या 58 बिटांत कंपनी आणि मालाचा प्रकार. उरलेले 38 बिट म्हणजे त्या एका शर्टाचा क्रमांक. आठव्या बाइटचे खालचे 6 बिट आणि पुढचे चार बाइट पूर्ण. ते 6 बिट 32 घरं डावीकडे सरकवायचे, नववा बाइट 24 घरं, दहावा 16, असं करत जोडायचं.

मेख इथेच आहे. सी भाषेत बाइट सरकवायला घेतला की आधी त्याचा इंट, म्हणजे साधा पूर्णांक, होतो, आणि प्रोग्रॅम चालतो त्या आमच्या बोर्डावर इंट 32 बिटांचा. त्याला 32 घरं सरकवणं भाषेच्या नियमातच बसत नाही. एखादा प्रोसेसर शून्य देतो, दुसरा ते 6 बिट जागेवरच ठेवून खालच्या आकड्यात मिसळतो. नववा बाइट 128 किंवा त्याहून मोठा असेल, तर त्याचा वरचा बिट चिन्हाच्या जागी जाऊन बसतो. आकडा ऋण होतो आणि 64 बिटांत जाताना वरचे 32 बिट एकांनी भरून टाकतो. उत्तर ठेवायला 64 बिटांचं व्हेरिएबल घेतलं म्हणून काही वाचत नाही. आकडा तिथे पोचण्याआधीच बिघडलेला असतो.

1, 2, 3 क्रमांकांच्या नमुना टॅगांवर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून मी काठावरचे टॅग लिहून घेतो: 2147483647 आणि त्याच्या पुढचा, 4294967295 आणि त्याच्या पुढचा, शेवटी 274877906943. खऱ्या मालात असे मोठे आकडे सर्रास येतात, कारण क्रमांक देण्याच्या एका पद्धतीत वरचे 3 बिट चिप कोणत्या कंपनीची ते सांगतात. ते गळाले की दोन शर्टांचा क्रमांक एकच दिसू शकतो, माल कमी भरतो आणि पहिला संशय हमालावर जातो. हे मला सहन होत नाही.

आधी रुंदी ठरवायची, मग सरकवायचं. 64 बिटांच्या चिन्हरहित आकड्यात ते 6 बिट ठेवावेत. मग दर वेळी आकडा 8 घरं सरकवून पुढचा बाइट जोडावा. बिट पुसायचा मास्कही तेवढ्याच रुंदीचा हवा, नाहीतर 32 बिटांचा चिन्हरहित मास्क उलटवून लावताच वरचा अर्धा आकडा साफ होतो. 32 घरं सरकवली तर जीसीसी कंपायलर आपणहून इशारा देतो. चिन्हाच्या घोळावर मात्र साइन-कन्व्हर्जनची सूचना चालू केल्याशिवाय बोलत नाही. ती चालू करून एकही इशारा उरत नाही, तोवर मी बोर्ड फाटकावर लावू देत नाही.