सॉफ्टबॉल आणि बेसबॉल : शिकवण्याची रीत आणि संधीची वाटणी

जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत कबड्डीला आणि क्रिकेटला मैदान मागावे लागत नाही. सुगी संपली की मोकळे झालेले वावरच मैदान होते. सॉफ्टबॉलचे तसे नाही. मुलीचे नाव शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आले की पालक प्रथम विचारतात, 'हा कोणता खेळ?' आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, 'यात लागते-बिगते का?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांचे नीट उत्तर देणे हे शिक्षक म्हणून आमचे कर्तव्य आहे. हा खेळ मुलांना कसा शिकवला जातो, कसा शिकवला जावा, आणि शिकवताना कोणाच्या वाट्याला काय येते, एवढाच या लेखाचा विषय.

बेसबॉल हा अमेरिकेचा जुना मैदानी खेळ. सॉफ्टबॉल त्याचे धाकटे भावंड. १८८७ साली शिकागो शहरातील एका बोट क्लबच्या सभागृहात काही तरुणांनी बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि छताखाली बेसबॉल खेळून पाहिला. त्या गमतीतून जॉर्ज हँकॉक यांनी नियम बांधले आणि पुढे हा खेळ मैदानात आला. आज सॉफ्टबॉलचा चेंडू बारा इंच घेराचा, तर बेसबॉलचा सुमारे नऊ इंचांचा. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर २७.४३ मीटर, सॉफ्टबॉलमध्ये १८.२९ मीटर. बेसबॉलचे डाव नऊ, सॉफ्टबॉलचे सात. मुख्य फरक चेंडू टाकण्याचा : बेसबॉलचा पिचर हात खांद्यावरून आणतो, सॉफ्टबॉलचा पिचर कमरेखालून. नावात 'सॉफ्ट' असले तरी चेंडू मऊ नसतो, हे पालकांना आम्ही आधीच सांगतो. म्हणून फलंदाजाला हेल्मेट आणि कॅचरला मुखवटा हवाच. ते नसतील तर त्या दिवशी सामना नाही, फक्त सराव.

आमच्या मुलांकडे या खेळाची निम्मी शिदोरी घरूनच येते. पश्चिम पट्ट्यातील मुलांनी हिरड्याच्या आणि चिंचेच्या झाडांवर दगड मारलेले असतात. राखणीला गेलेल्या मुलांनी गोफण फिरवलेली असते. विटीदांडूत हवेत उडालेल्या विटीला टोला देणे हे तर बॅटिंगचे अर्धे शिक्षण होय. गोफण डोक्यावर फिरते आणि सॉफ्टबॉलच्या पिचरचा हात अंगालगत उभ्या वर्तुळात फिरतो, हा भेद खरा. परंतु नेमक्या कोणत्या क्षणी सोडायचे ही जाण दोन्हीकडे एकच आहे. २००८ साली एका अमेरिकी स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन तरुण निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक बेसबॉल संस्थेशी करारबद्ध झाले. ते मूळचे भालाफेकपटू होते. बेसबॉल त्यांनी त्यापूर्वी खेळलेला नव्हता. फेकणारा हात आधी घडलेला असेल तर खेळ नंतर शिकवता येतो, याचे हे ठळक उदाहरण.

मात्र नुसता जोर म्हणजे फेक नव्हे. चेंडूच्या शिवणीवर दोन बोटे आडवी, अंगठा खाली, तळहात आणि चेंडू यांत थोडी फट. ज्या दिशेने फेकायचे तिकडे विरुद्ध खांदा, विरुद्ध पाऊल त्याच दिशेने पुढे, कोपर खांद्याच्या रेषेत, आणि चेंडू सुटल्यावरही हात न थांबवता खाली वाहू द्यायचा. नवीन मूल बहुधा फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचे पाऊल पुढे टाकते आणि मग सारा भार कोपरावर येतो. यासाठी आम्ही मुलांना आधी एका गुडघ्यावर बसवून फेकायला लावतो, म्हणजे मनगट आणि खांदा यांकडे लक्ष राहते. मग उभे राहून, मग चालत. पाऊस लागला की मैदान हातचे जाते. भीमाशंकरकडच्या डोंगरांवरून येणारा पाऊस वेळापत्रक पाहत नाही, आणि तालुका-जिल्हा स्पर्धांच्या तारखा मात्र नेमक्या त्याच सुमारास हाती पडतात. त्या दिवसांत व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने चौकोन काढून रबरी चेंडूने केलेला गुडघ्यावरचा सरावच कामी येतो.

झेल घेण्याचे शिक्षण हे भीती घालवण्याचे शिक्षण आहे. जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला मूल तोंड फिरवते. तोंड फिरवले की चेंडू नेमका लागतो. म्हणून पहिले पंधरा दिवस ग्लोव्हसुद्धा देऊ नये. कापडी चेंडू, दोन्ही हात, पाय खांद्याहून रुंद, बूड खाली, आणि दोन पावले व हात यांचा त्रिकोण. चेंडू हातात शिरताना डोळ्यांनी पाहायचा. हे अंगवळणी पडल्यावर ग्लोव्ह, आणि त्यानंतर खरा चेंडू. ज्या शाळांत पहिल्याच दिवशी खरा चेंडू देतात तिथल्या निम्म्या मुली आठवड्यात घरी जाऊन 'आम्हाला नको' म्हणतात, आणि मग म्हटले जाते की मुलींना हा खेळ झेपत नाही. मुलींना सर्व झेपते. शिकवण्याचा क्रम चुकलेला असतो.

क्रिकेट खेळलेल्या मुलाला बॅटिंग शिकवणे हे कोऱ्या मुलाला शिकवण्याहून अवघड जाते, असा आमचा अनुभव आहे. क्रिकेटची बॅट बहुतांश उभी चालते. ही आडवी चालते आणि ताकद खांद्यातून नव्हे, कमरेच्या वळणातून येते. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाच्या बाजूने हलकेच वळवलेला चेंडू चार धावा देतो. इथे होमप्लेटपासून निघणाऱ्या दोन रेषांच्या काटकोनाबाहेर गेलेला फटका फाउल. क्रिकेटमध्ये फटका मारूनही न धावण्याची मुभा असते. इथे चेंडू मैदानात गेला की धावणे भागच आहे, आणि तेही बॅट खाली टाकून. आमची मुले पहिल्या महिन्यात बॅट हातात घेऊनच पळतात, त्याचे हसू येते. परंतु बॅट टाकायची म्हणजे भिरकवायची नव्हे, हेही त्याच वेळी शिकवावे लागते. मागे कॅचर बसलेला असतो. काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून प्लेटवरून गेलेला चेंडू सोडला तरी तो स्ट्राइक धरला जातो; तीन स्ट्राइक म्हणजे बाद, चार बॉल म्हणजे पहिला बेस फुकट. त्यामुळे कोणता चेंडू सोडायचा ही निवड फटक्याइतकीच महत्त्वाची ठरते. बांबूच्या खुंटावर चेंडू ठेवून मारणे, मग बाजूने कुणी हलके उडवलेला चेंडू मारणे, आणि त्यानंतरच पिचरसमोर उभे राहणे, हा क्रम आम्ही मोडत नाही. घसरून बेस गाठण्याची कला मुरमाच्या मैदानावर कधीही शिकवू नये. भाताचा पेंढा अंथरून त्यावर ताडपत्री घातली की गुडघे शाबूत राहतात.

आता वाटणीचा प्रश्न, आणि आमच्या मते हाच सर्वांत मोठा. संघात नऊ जागा असतात. पिचर आणि शॉर्टस्टॉप या मानाच्या जागा. उजवीकडचे दूरचे मैदान, ज्याला राइट फील्ड म्हणतात, तिथे लहान वयोगटात चेंडू फारसा येत नाही. कुठल्याही शाळेचा सराव अर्धा तास पाहावा. उंच, धीट, बूट असलेले मूल पिचर असते आणि नुकतेच वसतिगृहात आलेले, बुजरे मूल राइट फील्डला उभे असते. वर्षभर तिथे उभे राहिलेल्या मुलाला शेवटी काही येत नाही, आणि मग 'त्याला येत नाही' म्हणून तो तिथेच राहतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला हे दृश्य ओळखीचे वाटते. पळवणकर बाळू हे चांभार समाजात जन्मलेले गोलंदाज पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. तिथे ते ग्रेग या इंग्रज खेळाडूला सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत. बॅटिंगचा सराव मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. चेंडू टाकण्याचे कष्ट यांचे, बॅट त्यांची. पुढे हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज पडली, तरी चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

बेसबॉलच्या मायदेशीही हेच चालले होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्याच शहरातील मोठ्या व्यावसायिक संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. लेखी कायदा नव्हता. आपल्याकडे पाणवठ्यावर तरी पाटी कुठे लावलेली असे? कृष्णवर्णीयांनी १९२० मध्ये आपली स्वतंत्र नीग्रो नॅशनल लीग उभी केली. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि ती भिंत फुटली. मुलांच्या खेळात मात्र ती त्यानंतरही उभी होती. १९५५ साली दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथील कॅनन स्ट्रीट वायएमसीएचा अकरा-बारा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांचा संघ लिटल लीगच्या स्पर्धेत उतरला, तेव्हा गोऱ्या मुलांच्या संघांनी माघार घेतली. प्रतिस्पर्धीच उरला नाही म्हणून ही मुले विजयी ठरली. आणि मैदानात सामना जिंकलेला नाही म्हणून त्यांना अंतिम स्पर्धेत खेळू दिले गेले नाही. विल्यम्सपोर्टला त्यांना पाहुणे म्हणून नेण्यात आले, तेव्हा प्रेक्षकांनीच 'त्यांना खेळू द्या' असा गजर केला. ती मुले खेळली नाहीत. बसून पाहत राहिली. मुलींना त्याच लिटल लीगची दारे न्यायालयीन लढ्यानंतर १९७४ साली उघडली.

म्हणून सरावात जागा फिरत्या ठेवणे ही आम्ही सवलत मानत नाही, तर शिकवण्याची पद्धत मानतो. सातवीपर्यंतचे प्रत्येक मूल आठवड्यातून एकदा पिचिंग करते आणि एकदा कॅचरचा मुखवटा घालते. सामन्यात अर्थात ज्याची तयारी अधिक तो पुढे. परंतु तयारीची संधी आधी सर्वांना मिळालेली असते. यामुळे तालुक्याचा एखादा सामना हातचा जातो, अशी तक्रार काही पालक करतात. जातो, हे खरे आहे. पण राइट फील्डला उभ्या राहणाऱ्या मुलींतूनच आम्हाला पुढे चांगले पिचर मिळालेले आहेत.

दुसरी काळजी हाताची. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या वाढीची कास्थी मऊ असते. खांद्यावरून वारंवार जोराने फेकल्याने ती दुखावते. अमेरिकेत या दुखण्याला लिटल लीगचेच नाव पडले आहे. तिथे आता मोजून चेंडू टाकू देतात : नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५, तेरा ते सोळा वयात ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६५ हून अधिक चेंडू टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती सक्तीची. आपल्याकडे शालेय स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकतात आणि एकच पिचर सकाळ-संध्याकाळ राबवला जातो. सॉफ्टबॉलची फेक कमरेखालून असल्याने हाताला त्रास नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूवर तिथेही ताण येतोच. आम्ही राखीव खेळाडूच्या खिशात चिंचोके देतो. दर चेंडूला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात. डावा खिसा रिकामा झाला की पिचर बदलायचा, मग धावफलक काहीही सांगो. आणि 'दुखते' म्हणणारे मूल नाटक करीत आहे, असे कोणत्याही शिक्षकाने गृहीत धरू नये. वसतिगृहातले मूल आईला सांगू शकत नाही. ते आपल्यालाच सांगणार.

दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि शासकीय सेवेतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांमुळे अलीकडे पालकांची विचारणा वाढली आहे. गरीब घरातील मुलाला त्याचा आधार होतो आणि तो त्याचा हक्क आहे. परंतु शिक्का मारलेले प्रमाणपत्र हाच हेतू ठेवून दहावीत अचानक संघात आलेले मूल आणि पाचवीपासून मातीत लोळलेले मूल यांत फरक असतो. पडताळणीच्या वेळी तो लपत नाही.

माजी विद्यार्थी वरचेवर विचारतात, शाळेला काय पाठवू? चषक पुष्कळ आहेत, कपाटात मावत नाहीत. बाजारात जो संच मिळतो त्यात बहुतेक सर्व ग्लोव्ह डाव्या हातात घालण्याचे असतात, कारण बहुतेक मुले उजव्या हाताने फेकतात. डावखुऱ्या मुलाला मग एकतर ग्लोव्हविना उभे राहावे लागते, नाहीतर त्याला उजव्या हाताने फेकायला भाग पाडले जाते. यंदाच्या तुकडीत असे तिघे आहेत, दोन मुली आणि एक मुलगा. त्यांच्यासाठी उजव्या हातात घालायचे तीन ग्लोव्ह हवे आहेत, लहान मापाचे. आणि जमल्यास कॅचरचा एक मुखवटा.