उतरवून घेतलेल्या प्रतींची मोजदाद

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीनें जावयाचें तर तिकीट काढावें लागतें. दिवसभरांत खपलेलीं तिकिटें मोजलीं म्हणजे किती माणसें किल्ल्यावर गेलीं याचा अंदाज येतो. तथापि तो अंदाजच होय. दांडीच्या किनाऱ्यावरून स्वतःच्या होडीनें गेलेला मच्छीमार त्या हिशेबांत सांपडत नाहीं. आणि ज्यानें तिकीट काढलें तो तटावरून हिंडला कीं दरवाजांतूनच परतला, हेंहि तिकिटावरून कळत नाहीं. इंटरनेटवरील फुकट जागेंत ठेवलेली फाइल किती जणांनीं उतरवून घेतली, हा प्रश्न याच जातीचा आहे.

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण कधीं कधीं त्यावर पैशाचा व्यवहार अवलंबून असतो. कोंकणांतील पुष्कळ घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत प्रसिद्ध केले आहेत. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा ग्रंथ असेल त्यांस त्यांतील वंशावळींचा विस्तार ठाऊक आहेच. समजा, मालवणाकडील एखाद्या कुलमंडळानें आपल्या जुन्या कुलवृत्तांताची २० मेगाबाइटची पीडीएफ प्रत फुकट जागेंत ठेविली, आणि ८०० चा आंकडा पाहून नव्या आवृत्तीच्या ५०० प्रती छापण्याचें ठरविलें. वर्गणी मुंबई-पुण्याच्या घरांतून गोळा व्हावयाची. तेव्हां हे ८०० कशाचे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

फाइल ज्या यंत्रावर असते त्यास सर्व्हर म्हणतात. कोणीं फाइल मागितली कीं सर्व्हर आपल्या रोजनाम्यांत एक ओळ लिहितो: मागणी कोणत्या पत्त्यावरून व केव्हां आली, कोणती फाइल मागितली, काय उत्तर दिलें आणि किती बाइट पाठविले. उत्तर आंकड्यांत असतें. २०० म्हणजे पूर्ण फाइल देऊं केली; २०६ म्हणजे तिचा एक तुकडा दिला; ३०४ म्हणजे ‘तुमच्यापाशीं आहे तीच प्रत अद्याप चालेल’. मोठी पीडीएफ ब्राउझरमध्यें उघडली म्हणजे ती पुष्कळदां तुकड्यातुकड्यांनीं मागविली जाते, आणि एकाच वाचकापायीं दहा-वीस ओळी उमटतात. म्हणून ओळी मोजणें हा कच्चा हिशेब झाला. त्याहून बरा मार्ग असा कीं, पाठविलेल्या सर्व बाइटांची बेरीज करून तिला फाइलच्या आकारानें भागावें. ८०० ओळींत मिळून ४,००० मेगाबाइट गेले असतील, तर २०० हून अधिक पूर्ण प्रती गेल्याच नाहींत. त्यांतून शोधयंत्रांचे रोबॉट वजा करावयाचे. त्यांपैकीं भले असतात ते आपलें नांव सांगतात. बाकीचे माणसाचा वेष घेऊन येतात. शिवाय आंकडा वाढला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं घराण्यांतील उत्साही मंडळी रोज स्वतःच फाइल उघडतात, ती गोष्ट वेगळीच.

अडचण ही कीं, फुकट जागा देणारे हा रोजनामा बहुधा दाखवीत नाहींत. १९९४ सालीं निघालेल्या जिओसिटीजवर असंख्य लोकांनीं फुकट पानें थाटलीं. कित्येक पानांच्या तळाशीं आंकडा दाखविणारें एक चित्र असे. पान कितीदां उघडलें एवढेंच तें चित्र मोजी. पानावरची फाइल कोणीं नेली याची त्यास वार्ताहि नसे. याहू कंपनीनें १९९९ सालीं जिओसिटीज विकत घेतली व ऑक्टोबर २००९ मध्यें बंद केली. पुष्कळशीं पानें इतरांनीं वांचविलीं. चालते आंकडे मात्र थांबले ते थांबलेच. आजहि गिटहब पेजेसवर किंवा गूगल ड्राइव्हच्या फुकट खात्यांत मालकास रोजनामा मिळत नाहीं. गिटहबवर ‘रिलीज’ म्हणून ठेविलेल्या फाइलचा आंकडा तेवढा मिळतो.

यावर तोड म्हणजे तिकिटाची खिडकी. फाइलचा खरा पत्ता न देतां एका मोजणीच्या दुव्याचा पत्ता द्यावयाचा. वाचक तेथें आला कीं यंत्र आंकडा एकानें वाढवितें आणि ‘३०२’ असें उत्तर देऊन त्यास खऱ्या फाइलकडे धाडतें. येथें ‘३०१’ देऊं नये. त्याचा अर्थ कायमचें स्थलांतर असा असल्यामुळें ब्राउझर नवा पत्ता लक्षांत ठेवतो आणि पुढल्या खेपेस परस्पर तिकडेच जातो. इतकें करूनहि खरा पत्ता कोणीं व्हॉट्सॲपवर पाठविला कीं दांडीवरून होड्या सुटल्याच! आणि पत्त्याऐवजीं फाइलच पाठविली तर? ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकें विनामूल्य पीडीएफ रूपांत वाटतें. अशी प्रत एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जाते, आणि तो प्रवास कोणत्याच खिडकीवर नोंदला जात नाहीं.

इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या योजनेंत स्कॅन झालेलीं अनेक जुनीं मराठी पुस्तकें आहेत. तेथें एका पत्त्यावरून एका दिवसांत एखादें पुस्तक कितीहि वेळां उघडलें तरी तें एकदांच गणलें जातें. नियम शहाणपणाचा आहे. परंतु मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांस मिळून बाहेर एकच पत्ता देतात. त्यामुळें कुडाळचा व कणकवलीचा असे दोन वाचक एक ठरूं शकतात, आणि उलट तोच वाचक उद्यां निराळ्या पत्त्यानें आला तर दोन होतात.

कुलमंडळानें यापेक्षां एक साधी गोष्ट करावी. पीडीएफच्या पहिल्याच पानावर, छापील प्रत हवी असल्यास नांव व गांव कळवावें, अशी विनंति संपर्काच्या पत्त्यासह घालावी. हातोहात गेलेल्या प्रतींबरोबर ती विनंतीहि जाते, आणि खिडकी चुकविलेल्या वाचकाचें उत्तरहि येऊं शकतें. अशीं साठ पत्रें जमलीं, तर छापखान्याशीं दर ठरवितांना तींच पुढें ठेवावीं.