कळ वाटेतच अडवली तर?

उंबऱ्याला पायाची करंगळी आपटली की काय होतं? आधी सणकन कळ येते आणि मग, जरा वेळाने, ठणका सुरू होतो. हो ना? कारण दुखण्याची बातमी दोन प्रकारचे चेतातंतू नेतात. एक सेकंदाला 5 ते 30 मीटर पळणारे, दुसरे जेमतेम 1 मीटर चालणारे. आणि ही बातमी मेंदूत पोचेपर्यंत आपल्याला काही दुखतच नाही!

मग ती वाटेतच अडवली तर? भूलतज्ज्ञ अगदी हेच करतात. त्याला म्हणतात नर्व्ह ब्लॉक.

उदाहरणार्थ, काही माणसांचं वजन इतकं वाढतं की त्याचा आजार होतो. तेव्हा कधी कधी डॉक्टर पोटाला छोटी छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बघत, जठराचा मोठा भाग काढतात. उरलेलं जठर दिसतं केळ्यासारखं! नंतर पोट दुखतं. मॉर्फिनसारखं जोरदार औषध दिलं तर दुखणं कमी होतं, पण श्वासही मंदावतो. यातल्या बऱ्याच जणांचा श्वास झोपेत आधीच अडखळत असतो. म्हणून नाकाबंदी बरी!

पण नाका लावायचा कुठे?

पहिली जागा पोटाच्या भिंतीत. तिथे कुशीला स्नायूंचे तीन थर असतात, चिरोट्याच्या पदरांसारखे. आतल्या दोन पदरांमधून चेतातंतू जातात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टर सुई नेमकी तिथे नेतात. बधिर करणारं औषध सोडलं की पदर अलगद विलग होताना दिसतात! चेतातंतूंवर सोडियमची इवलीशी दारं असतात. औषध ती बंद करतं आणि बातमी तिथेच थबकते. ही वाट 2001 साली सुचवली गेली.

दुसरी जागा पाठीत, मणक्याशेजारी. ती 2016 सालची. इथून औषध चेतातंतूंच्या मुळाजवळ पसरतं. भिंतीतला नाका फक्त भिंतीची कळ अडवतो. आतल्या जठराची बातमी वेगळ्या वाटेने जाते. पाठीतलं औषध तिथवर पोचू शकतं, पण प्रत्येकात ते सारखंच पसरत नाही.

मग सरस कोणता? चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडतात. कुणाला कुठला ब्लॉक दिला, हे नोंदी घेणाऱ्यालाही सांगत नाहीत. मग पहिल्या 24 तासांत कुठल्या गटाला मॉर्फिन कमी लागलं ते मोजतात.

आणि दुखणं कसं मोजतात? ताप मोजायला थर्मामीटर आहे, दुखणं मोजायला तसं यंत्रच नाही! म्हणून रुग्णालाच विचारतात, “शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” तो सांगेल तो आकडा लिहून घेतात.

तेव्हा घरात कुणी “दुखतंय” म्हणालं, तर तुम्हीही जवळ बसून विचारा, “कुठे? किती?” आणि उत्तर येईल त्यावर विश्वास ठेवा. डॉक्टरही तेच करतात.