भार प्रभूवर, हात कामावर

परीक्षेला निघालेला मुलगा असो, दवाखान्यात दाखल झालेली आई असो की पगार थकलेला बाप असो, मराठी ख्रिस्ती घरात आधी प्रार्थना होते आणि मग पुढची धावपळ सुरू होते. देवावर भार टाकणारा माणूस हातपाय गाळून बसतो, असा एक समज आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती जीवनाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये पतीही गेले. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना केडगावला आणले. पैशाची खात्री नव्हती. ब्रिस्टलमध्ये प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते, आणि तोच विश्वास त्यांनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये जगून दाखवला. तिथे पहाटेच्या प्रार्थनेइतकेच शेत, माग आणि छापखाना यांना महत्त्व होते. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. 1922 मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, ते काम हातावेगळे झाले. एकुलती एक लेक मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभारली. त्या निर्णयाचा संसारावर पडलेला ताण पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसला. शाळेचे रीतसर शिक्षण न झालेल्या या बाईंनी 1919 मध्ये पती गेल्यावर त्यांचे अपुरे महाकाव्य 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्रही लिहिले.

या भरवशाला डॉक्टर आणि औषध कधीच परके नव्हते. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना ही मिशन रुग्णालयांची रीत, पण प्रार्थनेनंतर हाती घ्यायचे ते शस्त्रच. प्रार्थना पुरे, औषध नको, असे सांगणारा उपदेशक या परंपरेचा वारस म्हणवू शकत नाही. हीच वाट धरत वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' हे मराठी भाषांतर केले आणि पर्यावरण वाचवण्याच्या हरित वसईच्या लढ्यातही ते उतरले. त्यांची उपासना वेदीपाशी थांबली नाही.

आजचे चित्र साधे आहे. वसईच्या घरांत संध्याकाळी रोझरी, गोव्यात तीच तेर्स म्हणून, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील वस्त्यांवर टाळ-पेटीवर भजने, हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मारियेची, यात्रा. मागणे सगळीकडे सारखेच: आजारपण निभावू दे, पोरांना वळण लागू दे, कर्ज फिटू दे. सगळी मागणी पुरी होत नाहीत. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला हेच कळवले होते. शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनवले. काटा तसाच राहिला, पण तो सोसून चालत राहण्याइतकी कृपा मिळाली.

रमाबाई, लक्ष्मीबाई यांची दुःखे टळली नाहीत. त्यांना मिळाले ते दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागण्याचे बळ. म्हणून वाचकहो, आपला विश्वास मोजायचा असेल तर प्रार्थना किती लांबली ते पाहू नका. प्रार्थनेवरून उठल्यावर आपण कोणाच्या दारी गेलो, ते पाहा.