कुपा माशाचा माग

अरण्यातील वाघ ओल्या मातीत पावलांचे ठसे उमटवून जातो. आकाशातून जाणारा पक्षी दृष्टीस पडतो. परंतु पाण्यातून गेलेला मासा मागे कोणतीच खूण ठेवीत नाही. म्हणूनच माशांच्या वाटा हे मनुष्यास दीर्घकाळ कोडेच होते.

कोकणातील कोळी ज्यांना कुपा म्हणतात, त्या माशांच्या कुळाला इंग्रजीत ट्यूना हे नाव आहे. अटलांटिक महासागरातील निळ्या परांचा कुपा हा या कुळातील सर्वांत मोठा मासा होय. तो सुमारे तीन मीटर लांब वाढतो आणि त्याचे वजन कधी कधी ६०० किलोग्रॅमहूनही अधिक भरते. हे मासे काळ्या समुद्रात शिरताना उजवा किनारा धरून जातात, कारण त्यांना उजव्या डोळ्याने अधिक चांगले दिसते, अशी समजूत सुमारे २३०० वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने नमूद करून ठेवली आहे.

या माशाची अंडी घालण्याची प्रमुख ठिकाणे दोन : पश्चिमेस मेक्सिकोचे आखात आणि पूर्वेस भूमध्य समुद्र. त्यावरून दोन्हीकडचे मासे बहुतांशी आपापल्या बाजूसच राहत असावेत, असे मानले गेले. १९८१ साली मासेमारीचे नियमन करणाऱ्या राष्ट्रांनी ४५ अंश पश्चिम रेखांश ही सीमा ठरविली आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळे नियम लावले. परंतु माशांना ही सीमा ठाऊक होती काय?

याचा उलगडा करण्यासाठी १९९६ पासून अमेरिकेतील बार्बरा ब्लॉक या शास्त्रज्ञ महिलेने व तिच्या सहकाऱ्यांनी माशांच्या अंगी लहानशी यंत्रे बसविण्यास आरंभ केला. मासा गळाला लागला की त्याला अलगद नावेवर घेत. त्याच्या डोळ्यांवर ओले फडके ठेवीत आणि श्वास चालू राहावा म्हणून तोंडात नळीने समुद्राचे पाणी सोडीत. यंत्र बसविताच त्याला पुन्हा समुद्रात सोडून देत.

हे यंत्र पाण्याचा दाब, उष्णता आणि प्रकाश यांची नोंद ठेवते. दाबावरून खोली समजते. सूर्योदय व सूर्यास्त यांच्या वेळांवरून माध्यान्हीची वेळ निघते आणि तीवरून रेखांश काढता येतो. दिवस किती मोठा होता, यावरून अक्षांशाचा अंदाज बांधता येतो. काही यंत्रे ठरलेल्या दिवशी माशापासून सुटून पृष्ठभागावर येतात व उपग्रहाकडे माहिती पाठवितात. काही माशाच्या पोटातच राहतात. तो मासा पुढे एखाद्या कोळ्याच्या हाती लागला आणि त्याने यंत्र परत पाठविले, तरच त्यातील नोंदी मिळतात.

या नोंदींनी शास्त्रज्ञ चकित झाले. हे मासे १००० मीटरांहून अधिक खोल बुडी मारीत होते. कधी ते ३ अंशांहूनही थंड पाण्यात जात, तर कधी ३० अंशांच्या उबदार पाण्यात. तरीही त्यांचे शरीर उबदार राही. याचे कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या रचनेत आहे. स्नायूंकडून परतणारे उबदार रक्त कल्ल्यांकडून येणाऱ्या थंड रक्ताला जवळून वाहता वाहता आपली ऊब देते. त्यामुळे ती ऊब पाण्यात वाया जात नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट २००५ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ खुणा केलेले काही मासे महासागर ओलांडून भूमध्य समुद्रात पोहोचले होते! दोन्हीकडचे मासे भक्ष्य शोधताना एकत्र मिसळतात आणि अंडी घालण्यासाठी मात्र आपापल्या ठिकाणी परततात, असे दिसून आले. याचा अर्थ स्पष्ट होता. पश्चिमेकडील थोडे उरलेले मासे सीमा ओलांडताच पूर्वेकडील जाळ्यांत सापडू शकत होते. एका बाजूने कितीही संयम पाळला, तरी दुसऱ्या बाजूने तो पाळल्यावाचून त्यांचे रक्षण होणार नव्हते.

पुढे पकडीवर कडक मर्यादा घालण्यात आल्या. २०११ साली या माशाची गणना संकटग्रस्त जातींत झाली होती. २०२१ साली त्याला त्या वर्गातून वगळण्यात आले. पश्चिमेकडील माशांची संख्या मात्र तेव्हाही पूर्वीच्या मानाने फारच कमी होती.

नकाशावरील रेषा मनुष्य आखतो. मासा आपल्या वाटेनेच जातो. ज्याचे रक्षण करावयाचे, त्याची वाट आधी नीट जाणून घ्यावी लागते.