मिग-२१ची प्रतिकृती: दोन मिलिमीटरांत मावलेला इतिहास

मिग-२१च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर. १:७२ प्रमाणातल्या प्रतिकृतीत तो जेमतेम १० सेंटिमीटर भरतो, म्हणजे अख्खे लढाऊ विमान तळहातावर मावते. पण अशी प्रतिकृती बिनचूक करायला बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: कोणते मिग-२१?

सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत या तीन देशांत मिळून ही विमाने ११ हजारांहून अधिक बनली. पंचवीसहून अधिक वर्षे चाललेल्या या उत्पादनात विमान सतत बदलत गेले. पंखांचा त्रिकोणी आराखडा तोच राहिला. नाक, पाठ, शेपूट आणि चाके मात्र बदलली. प्रतिकृतिकाराची खरी कसोटी या बदलांत आहे.

नाकापासून सुरुवात करू. सुरुवातीच्या एफ-१३ या प्रकारात हवा आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर होता आणि त्यातला शंकू बारीक होता. पुढे पीएफ प्रकारात मोठे रडार बसवायचे ठरले. रडारची जागा शंकूच्या पोटात, म्हणून शंकू वाढला आणि त्याच्याभोवती पुरेशी हवा जावी म्हणून तोंडही सुमारे ८७० मिलिमीटर रुंद झाले. १:७२ प्रमाणात हा फरक अडीच मिलिमीटरांचा आहे. तेवढा चुकला तर जाणकाराला ते विमान दुसऱ्याच प्रकारातले वाटते.

हवेचा वेग मोजणाऱ्या लांब पिटो नळीवरूनही प्रकार ओळखता येतो. एफ-१३मध्ये ती नाकाच्या खाली असते, पीएफ आणि एफएल या प्रकारांत नाकावर बरोबर मध्ये, तर नंतरच्या एम आणि बिस या प्रकारांत वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली.

वैमानिकावरचे काचेचे छत एफएलपर्यंत एकसंध होते आणि पुढच्या बाजूला उचलले जाई. त्यामागे कारण होते: आसनासह बाहेर पडताना तेच छत वैमानिकाला समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या माऱ्यापासून वाचवत असे. नंतर नव्या धाटणीचे आसन आले. पुढची काच स्थिर झाली आणि छत बाजूला उघडू लागले. त्यामुळे छत उघडे ठेवून प्रतिकृती मांडायची असेल, तर बिजागरी कोणत्या बाजूला हे आधी तपासावे लागते.

वजन वाढले तशी चाकेही वाढली. मुख्य चाकांचा व्यास ६६० मिलिमीटरांवरून ८०० झाला. मोठी चाके पोटात मावेनात, म्हणून पंखांच्या मुळाशी धडावर दोन्हीकडे फुगवटे आले. प्रतिकृतीत चाकातला फरक दोन मिलिमीटरांहूनही कमी. पण चाके मोठी आणि फुगवटे लहान असे झाले, तर ते विमान प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नव्हते. पाठीवरचा उंचवटाही असाच इंधन आणि उपकरणांच्या गरजेपोटी वाढत गेला. एमच्या पाठीवर तो स्पष्ट दिसतो. बिसमध्ये तो अधिक भरदार होतो.

या विमानाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. भारतीय हवाई दलात मिग-२१ आले १९६३ साली, चंदीगडच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. त्यानंतर नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात एफएल, एम आणि बिस हे तिन्ही प्रकार क्रमाने तयार झाले. हवाई दलात त्यांना टाइप-७७, टाइप-९६ आणि टाइप-७५ म्हणत. म्हणजे क्रमांकाने सर्वांत लहान टाइप सर्वांत शेवटी बनला. नवख्या प्रतिकृतिकाराचा हमखास गोंधळ होतो तो इथे.

१९७१च्या युद्धातले एफएल करायचे असेल, तर अभ्यास आणखी वाढतो. या प्रकारात अंगभूत तोफ नव्हती. पोटाखाली जीपी-९ हे तोफेचे वेगळे कवच लावले जाई. पंखांखाली शस्त्रे टांगायला दोनच जागा होत्या. चार जागा आणि पोटातली तोफ एमपासून आली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर मिग-२१ विमानांनी ५७ मिलिमीटरची रॉकेटे डागली. ते विमान उभे करायचे तर तोफ नव्हे, रॉकेटांची नळकांडी लावायला हवीत. हवाई दलाच्या गोल चिन्हात केशरी रंग बाहेर आणि हिरवा मध्यभागी असतो, हेही त्याचे डेकल (चिकटचित्र) चिकटवण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आता प्रमाणाविषयी. १:७२ हे प्रमाण इंग्रजी मापांतून आले: एक इंच म्हणजे सहा फूट. १:४८मध्ये पाव इंच म्हणजे एक फूट. प्रमाण फक्त आकाराला नसते, ते प्रत्येक रेघेला असते. पत्र्यांच्या सांध्याची रेघ प्लास्टिकवर ०.२ मिलिमीटर रुंद कोरली, तर १:७२ प्रमाणात प्रत्यक्ष विमानावर ती १४ मिलिमीटरांची फट ठरते. एवढी फट कोणत्याही विमानावर नसते. म्हणून जाणते कारागीर जाड रेघा पुट्टीने बुजवतात, सँडपेपरने पृष्ठभाग सपाट करतात आणि सुईसारख्या अवजाराने बारीक रेघ पुन्हा ओढतात. रंगांतही तीच शिस्त. नंतरच्या मिग-२१च्या कॉकपिटचा निळसर हिरवा रंग आणि चाकांच्या मध्यभागाचा गडद, तजेलदार हिरवा रंग हे दोन वेगळे हिरवे आहेत. एकाच डबीतून दोन्ही रंगवून चालत नाही.

या सगळ्या चुका टाळण्याचा खात्रीचा उपाय एकच. ‘मिग-२१’ करायला बसू नये. एका ठरावीक क्रमांकाचे, एका ठरावीक वर्षातले विमान करायला बसावे. त्याचे सर्व बाजूंचे फोटो गोळा करावेत आणि मगच किटमधला पहिला भाग कापावा. कारण एकच विमान कारखान्यातून चकचकीत धातूच्या रंगात बाहेर पडते, युद्धात त्यावर छलावरणाचे पट्टे चढतात आणि पुढे त्याचे अद्ययावतीकरणही होते. अशाच सुधारणेतून बिसची सव्वाशे विमाने बायसन झाली. नवी रडार यंत्रणा आली आणि समोरची तीन भागांची काच जाऊन एकसंध वक्र काच बसली.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. आता ही विमाने संग्रहालयांत, चौकांत आणि संस्थांच्या आवारांत चौथऱ्यांवर उभी आहेत. ऊन-पावसात त्यांचा रंग उडेल, काचा धुरकट होतील, किरकोळ भाग गळून पडतील. आपल्या गावाजवळ असे एखादे विमान असेल, तर परवानगी घेऊन त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवा. पिटो नळी कोणत्या बाजूला आहे, पाठीचा उंचवटा कुठे संपतो, छत कसे उघडते, हे टिपून ठेवा. पुढच्या पिढीतल्या प्रतिकृतिकाराला त्या नोंदींचाच आधार असेल.